चाटतंय, चघळतंय की गिळतंय? मांजर भलतंसलतं तोंडात घालू लागलं की काय करायचं

आमची ठकी बाथरूमबाहेरची भिंत चाटायची. रोज, एकाच जागी, जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिथला रंग उडून आतली पांढरी पुट्टी दिसायला लागली होती. आजी म्हणाली, "अगं, चुना लागत असेल तिच्या अंगाला, चाटू दे." मलाही ते पटलं. तीन आठवडे आम्ही तिला चाटू दिलं, मध्येमध्ये रागावून हटकलं, भिंतीला लिंबू चोळून पाहिलं. मग ती तुळशीच्या कुंडीतली माती खायला लागली आणि एका रविवारी दिवसभर कपाटाखालून बाहेरच आली नाही. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरडी दाखवली, ती जवळजवळ पांढरी पडली होती. रक्तात लाल पेशी निम्म्यावर आल्या होत्या. पेशींना चिकटणारा एक जंतू सापडला आणि अंगावर पिसवाही निघाल्या. औषध सुरू झाल्यावर महिन्याभरात भिंत चाटणं आपोआप बंद झालं.

पुढच्या वर्षी याच ठकीने गजऱ्याचा दोरा गिळला आणि तिचं ऑपरेशन करावं लागलं. त्याबद्दल पुढे सांगते. या दोन प्रसंगांत मी जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. नुकतंच मांजर आणलं असेल आणि ते प्लास्टिकची पिशवी, गोधडी, चप्पल, भिंत, माती असं काहीही तोंडात घालत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. अन्न नसलेल्या वस्तू खाण्याच्या या सवयीला पशुवैद्यक 'पायका' म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडून हा शब्द ऐकलात तर घाबरू नका. तो लक्षणाला दिलेला शब्द आहे, त्यामागचं कारण अजून शोधायचं असतं.

आधी हे जमवून ठेवा

- एक वही आणि तारीख-वेळ दाखवणारा मोबाइल कॅमेरा
- लसीकरणाचं कार्ड, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ती तारीख
- वजनकाटा. पिल्लू असेल तर स्वयंपाकघरातला चालतो. मोठं असेल तर त्याला घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने उभं राहा आणि वजाबाकी करा.
- छोटी टॉर्च, पांढरा टिश्यू पेपर, बारीक दातांची फणी
- झाकणाची लहान डबी, शीचा नमुना नेण्यासाठी
- मांजर नेण्याची पिंजऱ्यासारखी बास्केट. कापडी पिशवीत घालून रिक्षाने नेऊ नका. घाबरलेलं मांजर पिशवी फाडून रस्त्यावर उडी मारतं.
- जवळच्या डॉक्टरांचा नंबर आणि रात्री उघडा असणारा एक दवाखाना. हा नंबर आजच शोधा, कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

१. चाटणं, चघळणं आणि गिळणं यांत फरक करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक घरांत नेमकी हीच राहून जाते. "आमचं मांजर प्लास्टिक खातं" असं आपण सहज म्हणतो. पण ते प्लास्टिक चाटतं, दाढेखाली चावतं की तुकडे तोडून पोटात घालतं? तिन्हींचे अर्थ वेगळे आणि धोकेही वेगळे.

नुसतं चाटणं बऱ्याचदा वासाचं किंवा चवीचं असतं. चघळणं दातांशी, कंटाळ्याशी किंवा लहानपणीच्या सवयीशी जोडलेलं असू शकतं. गिळणं मात्र, वस्तू कुठलीही असो, डॉक्टरांना कळलंच पाहिजे. घरात डाळीच्या दाण्याएवढे तुकडे कमी भरत असतील, म्हणजे चपलेचा कोपरा गेलाय आणि तो जमिनीवर कुठेच पडलेला नाही, तर तो पोटात गेला असं समजा.

यासाठी मी एक सोपी गोष्ट करते. मांजर ज्या वस्तूच्या मागे लागलंय तिचा फोटो काढून ठेवते. दोन दिवसांनी पुन्हा त्याच कोनातून काढते. दोन्ही शेजारी ठेवले की किती कमी झालं ते लगेच कळतं.

२. दोरा म्हणता येईल ती प्रत्येक वस्तू आजच उचला

कारण शोधायला वेळ लागेल, पण हे काम आजच करायचं.

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. एकदा दोरा त्यात अडकला की मांजराला तो थुंकता येत नाही, आत ओढत राहणं एवढंच त्याला जमतं. मग दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरातून आतड्यात जायच्या तोंडाशी अडकतं आणि दुसरं आतड्यात उतरतं. आतडं नेहमीप्रमाणे पुढे ढकलत राहतं, पण दोरा सरकत नाही. परकराच्या नाडीवर चुण्या पडाव्यात तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं आणि ताणलेला दोरा आतड्याला आतून कापायला लागतो.

ठकीच्या वेळी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. रात्री सगळ्या बायका गेल्यावर दोन-तीन गजरे टीपॉयवर राहिले होते. फुलांशी खेळताखेळता तिने दोरा ओढला असणार. आम्हाला काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी चार वेळा उलटी, तिसऱ्या दिवशी पाणीसुद्धा पोटात ठरेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, हिच्या जिभेखाली बघितलंत का?" त्यांनी हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर उचलली. मुळाशी पांढऱ्या दोऱ्याचा वेढा होता. त्या दिवशी दवाखान्यातून परतताना आईने देवघरातल्या वातींचा डबा उचलून वरच्या फडताळात ठेवला, तो अजून तिथेच आहे.

मराठी घरात दोरे कुठे कुठे असतात याची यादी मी तेव्हा केली. गजऱ्याचा आणि हाराचा दोरा. सुईसकट शिलाईचा दोरा, यात सुईही पोटात जाते आणि हा प्रकार डॉक्टरांकडे वरचेवर येतो. राखी आणि तिची जरी. वाती आणि वस्त्रमाळा. विणकामाची लोकर. मेथी-कोथिंबिरीच्या जुडीचं रबर आणि सुतळी. केसांची रबरं. मिठाईच्या डब्यावरची चकचकीत फीत. दात साफ करायचा दोरा. आणि जानेवारीत मांजा. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो गच्चीवर आणि खिडकीच्या ग्रिलला लटकलेला सापडतोच. संक्रांतीनंतर आठवडाभर रोज बाल्कनी तपासा.

इथे एक नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर ओढल्याने आतडं फाटतं. काहीही न ओढता थेट दवाखाना गाठा.

३. आठ दिवस वहीत नोंद ठेवा

हे मांजर खातंय-पितंय, खेळतंय, उलटी नाही अशाच वेळी. लक्षणं असतील तर नोंदी करत बसू नका, सरळ सातव्या पायरीवर जा.

रोज चार गोष्टी लिहा. कोणती वस्तू, किती वाजता, त्याआधी काय झालं आणि चाटलं-चघळलं-गिळलं यांपैकी काय. "आधी काय झालं" हा रकाना सोडू नका, उत्तर बऱ्याचदा त्यातच सापडतं. आमच्या शेजारच्या काकूंचा बोका दर संध्याकाळी दाराचं पायपुसणं कुरतडायचा. वहीत लिहायला लागल्यावर लक्षात आलं की त्याच वेळी खालच्या आवारात दुसरा बोका येऊन ओरडतो. खिडकीच्या खालच्या भागाला कागद चिकटवला, बाहेरचा बोका दिसेनासा झाला आणि पायपुसणं वाचलं.

कुरतडणं रोज जेवणाच्या तासभर आधी होत असेल तर भूक बघा. घरात सगळे बाहेर असतानाच होत असेल तर एकटेपणा. रंगकाम, बदललेलं घर, नवं बाळ, नवं मांजर यानंतर सुरू झालं असेल तर ताण. आणि वेळकाळ न बघता सतत, हटकलं तरी परत परत त्याच जागी होत असेल, तर पुढची पायरी लगेच करा.

४. हिरड्या बघा, पिसवा शोधा

उजेडात, मांजर शांत असताना, वरचा ओठ हलकेच उचला. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने क्षणभर दाबून सोडली की दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. हिरडी फिकट, पांढरट, पिवळसर किंवा निळसर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. काही मांजरांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघा.

पिसवांसाठी शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर बारीक फणी फिरवा. फणीत काळी भुकटी आली तर ती ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. साध्या धुळीचा डाग असा पसरत नाही.

रक्त कमी झालेली मांजरं भिंत, फरशीच्या फटी, माती आणि शी-शूच्या ट्रेमधली वाळू चाटताना, खाताना दिसतात. माझ्या मते भिंत चाटणाऱ्या मांजराच्या हिरड्या बघितल्याशिवाय "सवय असेल" असं म्हणूच नये.

इथला सापळा: पिसवा दिसल्या म्हणून कुत्र्याचं औषध लावू नका. कुत्र्यांच्या मानेवर लावायच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराचं यकृत ते निकामी करू शकत नाही, झटके येतात आणि जीव जाऊ शकतो. दुकानदार "थोडंसंच लावा" म्हणाला तरी नाही.

५. डॉक्टरांकडे काय न्यायचं, काय विचारायचं

वही, व्हिडिओ, सकाळच्या ताज्या शीची डबी, चावलेल्या वस्तूचा तुकडा. व्हिडिओ न्याच, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर गोळा होऊन बसतं आणि घरी काय करतं ते डॉक्टरांना कधीच दिसत नाही.

साधारणपणे आधी शरीराची तपासणी आणि दात, मग रक्ताची संपूर्ण गणना, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, जंतांसाठी शीची तपासणी. बाहेरून आणलेलं किंवा बाहेर फिरणारं मांजर असेल तर ल्युकेमिया विषाणू आणि एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) यांची चाचणी. वय दहाच्या पुढे असेल आणि खूप खाऊनही वजन उतरत असेल तर थायरॉइड. जुन्या वाड्यात राहत असाल आणि मांजर दार-खिडकीचे पोपडे चाटत असेल तर ते आवर्जून सांगा. घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं.

एक्स-रे काढला आणि "काही दिसत नाही" म्हणाले तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. धातू आणि हाड दिसतं, पण दोरा, प्लास्टिक, कापड एक्स-रेवर सहसा दिसत नाही. आतड्याचा आकार आणि त्यातल्या हवेवरून डॉक्टर अंदाज बांधतात. शंका असेल तर सोनोग्राफी करायची का, हे तुम्ही विचारा. विचारण्यात संकोच नको.

ठकीला रक्तातल्या त्या जंतूसाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लिहून दिलं होतं. हे औषध मांजराला कोरडं द्यायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आकसते. गोळीमागोमाग सुई काढलेल्या सिरिंजने तोंडाच्या कडेने पाच-सहा मिली पाणी हळूहळू द्या. मला हे पहिल्या दवाखान्यात कोणी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून प्रत्येक गोळीबद्दल विचारा: पोटभर की उपाशी, पाण्यासोबत की जेवणात, किती दिवस.

६. वस्तूवरून काय अंदाज बांधता येतो

तपासणीत काही निघालं नाही तर मग वस्तूकडे वळायचं.

*प्लास्टिकची पिशवी.* दुधाची पिशवी आणि मासळीची पिशवी यांचं आकर्षण उघड आहे, स्निग्धांश आणि वास त्यांना चिकटलेला असतो. कोऱ्या पिशव्याही काही मांजरांना ओढतात. त्या गुळगुळीत राहाव्यात म्हणून बनवताना वापरलेल्या काही पदार्थांचा उगम प्राण्यांच्या चरबीत असतो, शिवाय कुरकुर आवाज येतोच. मांजराला गोड चव कळतच नाही. तेव्हा बिस्किटाचं वेष्टन ते चाटतं ते साखरेसाठी नव्हे, त्याला लागलेल्या तूपलोण्यासाठी. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकत ठेवा. सुटा कोपरा ओट्यावरून खाली पडतो आणि नेमका मांजराच्या तोंडाच्या मापाचा असतो.

*गोधडी, लोकर, स्वेटर.* डोळे मिटून, पंजे पुढे-मागे दाबत, घुरघुरत चोखणं हे आईचं दूध पिण्याचं वागणं आहे. सयामी आणि बर्मी जातींत लोकर चोखण्याचं प्रमाण जास्त दिसतं. फार लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लांतही असं दिसतं. हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ मध्ये ५,७०० हून अधिक मांजरांची माहिती अभ्यासली. आठ आठवड्यांच्या आत तोडलेली पिल्लं अधिक आक्रमक निघाली आणि चौदा आठवड्यांनंतर तोडलेल्यांत अशा एकसुरी वागण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्याकडे "डोळे उघडलेत, आता घेऊन जा" म्हणून महिन्याभराची पिल्लं देतात. शक्य असेल तर तीन महिने पिल्लू आईजवळ राहू द्या. ठकी आम्हाला पावसात पार्किंगमध्ये स्कूटरखाली सापडली तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांची होती, तिथे आमच्या हातात काही नव्हतं. नुसतं चोखत असेल तर चोखू द्या. कापडाचे तुकडे किंवा धागे पोटात जात असतील तर ते कापड उचला.

*वायर, चार्जर, चपलेचं रबर.* साडेतीन ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हा पिल्लं सगळंच चावतात. चार्जर वापरून झाला की भिंतीतून काढा, वायरवर जाड पन्हळी नळी चढवा. मोठ्या वयात रबर, फोम, योगाची चटई यांचे लचके तोडणारी मांजरं मात्र जपायला हवीत. हे तुकडे आतड्यात बुचासारखे बसतात.

*माणसाचे केस, खोबरेल, घाम.* हे बहुधा तेल आणि मीठ. नुसतं चाटत असेल तर निरुपद्रवी. फक्त तुम्ही त्वचेला औषधी मलम लावत असाल तर ते चाटू देऊ नका.

*जुने फोटो, पाकिटाचा गोंद.* फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. अल्बम कपाटात.

*गवत.* हा आजार नाही. गवत खाणं मांजरांत अगदी सर्रास आहे आणि कधीकधी त्यानंतर उलटीही होते. कुंडीतली शोभेची झाडं वाचवायची तर त्याला त्याचं गवत द्या. मूठभर गहू रात्रभर भिजवा, उथळ कुंडीत पसरा, आठवड्याभरात वीतभर वाढतात. कीटकनाशक मारू नका.

७. पोटात गेलंच तर

वारंवार उलटी, लाळ गळणं, पोटाला हात लावू न देणं, शी करायला बसून जोर लावणं पण न होणं, लपून बसणं, चोवीस तास काहीच न खाणं. यांतलं एक जरी असेल तर उद्यावर टाकू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून नवाच जीवघेणा आजार उभा राहतो. "कुत्र्यासारखं एक दिवस लंघन करू द्या" हा सल्ला मांजराला लागू नाही.

घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड, बोट घालणं, काहीच नाही. मीठ मेंदूवर परिणाम करतं आणि पेरॉक्साइडने मांजराचं जठर रक्ताळतं. एरंडेल, खोबरेल, दूध पाजून "बाहेर पडेल" याची वाट बघू नका. माणसाची वेदनाशामक गोळी तर कधीच नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं.

फोनवर सांगताना या क्रमाने सांगा: वजन, वस्तू, किती, किती वाजता, उलटी किती वेळा. वेष्टन असेल तर सोबत न्या. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं. इतर शहरांत पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना असेल तर त्याची वेळ आधीच विचारून ठेवा. अनेक दवाखाने रात्री बंद असतात आणि दोरा रात्रीही गिळला जाऊ शकतो.

८. जे नुसतं चाटलं तरी चालत नाही

लिलीची फुलं. पुष्पगुच्छातली खरी लिली मांजराच्या मूत्रपिंडासाठी घातक आहे. पराग अंगावर पडून चाटला गेला किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं गेलं तरीही. वाढदिवसाला कोणी गुच्छ आणला तर लिली दारातच बाजूला काढा. कण्हेर हृदयावर परिणाम करते, सायकस यकृतावर. मनीप्लांटने जीव सहसा जात नाही, पण तोंड आणि जीभ जळजळते, लाळ गळते.

डांबरगोळ्या, कापूर, मुंग्या-झुरळांचा खडू, उंदराचं औषध, खायचा चुना, हे सगळं बंद डब्यात. फिनाईलने लादी पुसत असाल तर लादी पूर्ण सुकेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा. ते त्यावर चालतं आणि मग पंजे चाटतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा, ग्रेव्हीची ताटली चाटू देऊ नका. त्याने लाल पेशी फुटतात आणि आधीच रक्त कमी असलेल्या मांजराला ते परवडत नाही.

९. रोजचं जेवण आणि खेळ

आपल्याकडे मांजराला दूध-पोळी घालायची पद्धत आहे. प्रेमाने घालतात, मला ठाऊक आहे, माझ्या आजोळी तेच होतं. पण तिथली मांजरं दिवसभर शेतात उंदीर मारून पोट भरत होती. फ्लॅटमधल्या मांजराला तो उंदीर मिळत नाही. मांजराला मांसातून मिळणारं टॉरीन हे पोषकद्रव्य लागतंच, ते कमी पडलं तर डोळ्यांवर आणि हृदयावर परिणाम होतो. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. नुसतं उकडलेलं चिकनही पुरत नाही, त्यात कॅल्शियम फार कमी असतं. घर शाकाहारी असेल तर मांजरासाठी बनवलेलं तयार, परिपूर्ण खाद्य हा सगळ्यात सरळ मार्ग. कुत्र्याचं खाद्य चालणार नाही.

दिवसाचं खाणं चार-पाच वेळा थोडंथोडं द्या. त्यातलं थोडं घरात वाट्यांखाली लपवा, शोधून खाऊ दे. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाने खेळवा, शेवटी ते पीस त्याला पकडू द्या आणि लगेच खायला द्या. पकडणं, खाणं, अंग चाटणं आणि झोपणं हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. तो पुरा झाला की पायपुसणं कुरतडण्याइतकी ऊर्जा राहत नाही. खेळून झाल्यावर ती काठी कपाटात बंद करा, तिलाही दोराच असतो.

मारू नका, पाणी फेकू नका. मी ठकीला तीन आठवडे हटकत होते आणि त्या तीन आठवड्यांत ती एवढंच शिकली की भिंत चाटायची तर मी खोलीत नसताना. त्यामुळे तिचं दुखणं आणखी उशिरा माझ्या लक्षात आलं. कडू फवारे काही मांजरांवर चालतात, काहींना त्याची सवय होते. त्यावर फार भिस्त ठेवू नका.

एवढं करूनही गिळणं थांबत नसेल तर डॉक्टर वागणुकीवरची औषधं देऊ शकतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि मात्रा मांजराच्या वजनाप्रमाणे ठरते. घरात कोणाची त्याच नावाची गोळी आहे म्हणून तुकडा करून देऊ नका.

१०. बरं वाटल्यावरही दोन महिने

आठवड्यातून एकदा वजन, एकदा हिरड्या. ठकीच्या रक्ताची तपासणी आम्ही औषध संपल्यावर पुन्हा केली, कारण हा जंतू दबून राहून परत डोकं वर काढू शकतो. पिसवांचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, अंगावर एकही दिसत नसली तरी, चालू ठेवलं. अंथरुणं गरम पाण्यात धुतली, गादीखालच्या फटी साफ केल्या, कारण पिसवांची अंडी मांजरापेक्षा घरातच जास्त असतात.

आता ठकी पाच वर्षांची आहे. रात्री आजीच्या पायाशी बसून गोधडीचा एकच कोपरा चोखते. रोज झोपण्यापूर्वी आजी चष्मा लावून तो कोपरा तपासते आणि सुटलेला टाका दिसला की तिथेच कापून, सुई-दोरा परत डब्यात घालून, डबा माझ्या हातात देते.